गणपतीला सगळे घरी असताना आयुष्मान कार्ड काढून घ्या : कोकणातल्या घरांसाठी अर्जाची माहिती

मागच्या पावसाळ्यात आमच्या वाडीतली एक काकी मागच्या पडवीत घसरून पडली. वय त्र्याहत्तर, खुब्याचं हाड मोडलं. घरात एकटीच असते. मुलगा दिव्याला, मुलगी नालासोपाऱ्याला. शेजारच्या पोरांनी १०८ ला फोन लावला, गाडी घाटीखाली थांबली, तिथपर्यंत काकीला डोलीतून उतरवलं. रुग्णालयात पोचल्यावर आरोग्यमित्राने, म्हणजे सरकारच्या आयुष्मान योजनेचं काम पाहणाऱ्या तिथल्या माणसाने, आधार कार्ड मागितलं. ते होतं. पण ओटीपी ज्या नंबरवर गेला तो मुलाने कधीकाळी घेतलेला आणि केव्हाच बंद पडलेला नंबर. अंगठाही उठेना. जन्मभर लावणी, शेण-माती, काजूचा चीक. बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. शेवटी चेहरा दाखवून ओळख पटली आणि शस्त्रक्रिया योजनेतून मोफत झाली, पण तोवर दोन दिवस गेले होते आणि नातेवाइकांनी इकडून तिकडून पैसे उचलून डिपॉझिट भरलं होतं.

काकी योजनेत पहिल्यापासून पात्र होती. तिचं कार्ड तेवढं काढलेलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय, आणि गणपतीच्या आधी लिहितोय. कारण आपल्याकडे कागदपत्रं गावाला असतात आणि मोबाईल मुंबईला. ही दोन्ही एका छताखाली येतात ती गणपतीत, नाहीतर शिमग्याला.

कार्ड कोणतं आणि पात्र कोण

लोकांचा पहिला गोंधळ नावांचा आहे. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून एकत्र चालतात. फुले योजना म्हणजे जुनी 'जीवनदायी'. २०१२ साली तिचा पहिला टप्पा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला त्यात आपला रायगड होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला ती पुढच्या वर्षी आली. त्या वेळी फक्त पिवळं आणि केशरी रेशनकार्ड चालायचं आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतच्या मोफत उपचाराची मर्यादा होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरं रेशनकार्डही आत घेतलं आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख केली. १ जुलै २०२४ पासून हे लागू आहे. "आमचं पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही" हे वाक्य मला अजून दर आठवड्याला ऐकू येतं. ते आता खरं नाही.

५ लाख हे एका माणसाचे नव्हेत, रेशनकार्डावर नावं असलेल्या सगळ्यांचे मिळून. कार्ड मात्र प्रत्येकाचं वेगळं निघतं, अगदी लहान मुलाचंही.

सत्तरी पूर्ण केलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून वेगळं कार्ड आहे, आयुष्मान वय वंदना. कोकणातल्या घरांना सगळ्यांत जास्त उपयोगाचं हेच, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे उत्पन्न विचारत नाहीत आणि रेशनकार्डही लागत नाही. वय आधार कार्डावरून धरतात, आणि आधार हाच एक कागद पुरतो. घरात आधीच आयुष्मान कार्ड असेल तर सत्तरीवरच्यांना वर्षाला आणखी ५ लाखांचं संरक्षण मिळतं आणि त्यात घरातल्या तरुणांचा वाटा नसतो. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. जुनं कार्ड असलं तरी वय वंदनासाठी नव्याने अर्ज आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, करावी लागते, ती आपोआप होत नाही. खाजगी विमा किंवा ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) असली तरी हे कार्ड मिळतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनांचा लाभ घेणाऱ्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फौजेतून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. त्यांनी घाईने निवड करू नये. ईसीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधं मिळतात, ती या कार्डावर मिळत नाहीत.

कागदपत्रं, आणि ती कुठे अडतात

लागणारे कागद मोजकेच. आधार कार्ड, रेशनकार्ड आणि आधारला जोडलेला चालू मोबाईल. रेशनकार्डाचा पुस्तिकेवरचा जुना क्रमांक चालत नाही, ऑनलाइन नोंदणीचा बारा अंकी क्रमांक लागतो. तो माहीत नसेल तर रेशन दुकानदाराकडे किंवा तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत मिळतो.

आता अडचणी. पहिली मोबाईलची. आई-वडिलांच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला असतो. मुलगा रात्रपाळीला, लोकलमध्ये, नाहीतर त्याने नंबरच बदललेला. नंबर बदलायला तालुक्यापर्यंत जायलाच हवं असं नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेतून पोस्टमन घरी येऊन आधारचा मोबाईल नंबर बदलून देतो. त्याचं ठरलेलं शुल्क असतं, पावती मागा. म्हाताऱ्या माणसाच्या हातात साधा का होईना पण स्वतःचा फोन असेल तर तोच नंबर जोडा. नंबर बदलल्यावर नोंद व्हायला काही दिवस लागतात, म्हणून हे काम गणपतीच्या आधी उरकलेलं बरं.

दुसरी अडचण नावाची. रेशनकार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. किंवा एकीकडे 'शांताराम' आणि दुसरीकडे नुसतं 'शांता'. अर्ज भरताना संगणक दोन्ही नावं जुळवून पाहतो. चांगली जुळली तर कार्ड लगेच मंजूर होतं, नाहीतर अर्ज पडताळणीसाठी अडकून राहतो. फरक मोठा असेल तर आधी एक कागद दुरुस्त करा. कोणता करायचा? ज्यावर चूक आहे तो, हे उत्तर सरळ असलं तरी माझा अनुभव असा की आधार बरोबर असेल तर रेशनकार्ड दुरुस्त करणं सोपं जातं, कारण आधारवर बँक, पेन्शन, सातबारा असं बरंच काही टांगलेलं असतं.

तिसरी अडचण खास आपली. चाकरमान्यांची नावं गावच्या रेशनकार्डावर की मुंबईच्या? पुष्कळ घरांत मुलाने कल्याणला किंवा विरारला नवं कार्ड काढलेलं असतं आणि गावच्या कार्डावरून नाव कमी केलेलं नसतं. एक माणूस दोन कार्डांवर असला की तपासणीत कधीतरी एकीकडचं नाव उडतं, आणि ते नेमकं कुठलं उडेल ते आपल्या हातात राहत नाही. तेव्हा घरात बसून ठरवा, कोण कुठे. नाव कमी केल्याचा दाखला एका पुरवठा कार्यालयातून घ्यायचा आणि दुसरीकडे नाव वाढवायचं. गावच्या कार्डावर नाव असलं तरी मुंबईत उपचार घेता येतात, त्यासाठी कार्ड मुंबईचंच हवं असं नाही. योजनेतल्या राज्यातल्या कुठल्याही रुग्णालयात ते चालतं.

नव्या बाळाचं नाव रेशनकार्डावर चढलेलं नसेल तर जन्म दाखला आणि आई-वडिलांचं रेशनकार्ड दाखवतात. तरी नाव लवकर चढवा.

अर्ज कसा करायचा

घरबसल्या करायचा तर फोनवर 'आयुष्मान' ॲप घ्या, लाभार्थी म्हणून मोबाईल नंबरने आत जा, राज्य आणि जिल्हा निवडून रेशनकार्डाच्या क्रमांकावरून किंवा आधारवरून नाव शोधा. नावापुढे ई-केवायसी करायची. तिथे ओटीपी, बोटाचा ठसा, डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा असे पर्याय असतात. ज्यांचा अंगठा उठत नाही त्यांच्यासाठी चेहऱ्याचा पर्याय वापरा. खळ्यात, म्हणजे अंगणात, दिवसा, तोंडावर उजेड येईल असं बसवा, चष्मा काढा. कौलाच्या घरातल्या माजघरात चेहरा पटत नाही. मग फोटो, मोबाईल नंबर, पत्ता भरला की झालं. वय वंदनासाठी त्याच ॲपमध्ये सत्तरीवरच्यांची वेगळी नोंदणी आहे. रेंज नसेल तर सड्यावर जाण्यापेक्षा ग्रामपंचायतीतलं आपले सरकार केंद्र गाठा, आशाताईंना सांगा, किंवा योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडून करून घ्या. कार्डासाठी सरकारने फी ठेवलेली नाही. छपाई किंवा लॅमिनेशनचे पैसे घेतले तर तेवढेच द्या. फोनवरून "तुमचं आयुष्मान कार्ड बंद होतंय, ओटीपी सांगा" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

प्रत्यक्ष आजारपणात

हे कार्ड दाखल होण्यासाठी आहे. बाह्यरुग्ण तपासणी, रोजच्या बीपी-साखरेच्या गोळ्या यात येत नाहीत. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरसकट सगळं मोफत आहे.

मोठा उपचार निघाला तर आधी विचारायचं ते हे : रुग्णालय योजनेत आहे का, आणि हाच उपचार इथे योजनेतून होतो का? दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. योजनेत असलेल्या रुग्णालयातही प्रत्येक विभाग जोडलेला नसतो, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या नंबरांवर विचारून मगच गाडी करा. खेड-मंडणगडहून मुंबईला किंवा राजापूरहून कोल्हापूरला एक फेरी फुकट गेली तर घरातल्या दोन माणसांच्या आठ दिवसांच्या मजुरीइतका खर्च होतो. सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक सहज गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. जीव धोक्यात असेल तर जरूर जा, पण ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर आपलं कार्ड गोव्यात त्या उपचाराला चालेल का हे आधी फोनवर पक्कं करा.

रुग्णालयात पोचल्यावर आरोग्यमित्राच्या कक्षात जायचं. तो कागद तपासून नोंदणी करतो, डॉक्टर तपासण्या करून उपचाराची मागणी ऑनलाइन पाठवतात, मंजुरी आली की उपचार सुरू. आणीबाणीत मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे, कागद नंतर देता येतात. किती दिवसांत द्यायचे ते आरोग्यमित्राला तिथल्या तिथे विचारा. आमच्या काकीच्या बाबतीत ही सोय कोणालाच माहीत नव्हती, नाहीतर डिपॉझिट भरावंच लागलं नसतं.

मंजूर उपचारात खाट, औषधं, तपासण्या, शस्त्रक्रिया, बसवायचं साहित्य आणि रुग्णाचं जेवण हे सगळं येतं. आजार जुना होता म्हणून नाकारता येत नाही. "हे इंजेक्शन बाहेरून आणा", "वरचे पैसे द्या" असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका. दिलेच असतील तर पावती घ्या आणि वरच्याच नंबरांवर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. भांडण न करता पावती मागणं पुष्कळदा पुरतं.

महामार्गावर अपघात झाला तर वेगळा नियम आहे. महाराष्ट्राच्या हद्दीत अपघात झालेल्या कोणालाही, तो परराज्यातला असला तरी, योजनेतल्या रुग्णालयात ठरलेल्या उपचारांसाठी १ लाखापर्यंत मदत मिळते. जखमीचं रेशनकार्ड शोधत बसू नका.

आणि योजनेत न बसणारा उपचार निघालाच, तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीच्या दरात राखीव असतात. मोफतसाठी वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत, सवलतीसाठी ३ लाख ६० हजारांच्या आत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून घरात वयस्कर माणूस असेल तर चालू वर्षाचा दाखला काढून ठेवलेला बरा.

एक गोष्ट कार्डाबाहेरची. विसर्जन झालं, गाड्या मुंबईला गेल्या की घरं एकदम ओस पडतात. त्यानंतरच्या आठवड्यात वाडीतली म्हातारी माणसं जेवत नाहीत, झोपत नाहीत, हे मी दर वर्षी पाहतो. त्यांना बोलायला कोणी हवं असतं. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो. आई-वडिलांच्या फोनमध्ये तो नंबर साठवून द्या आणि एकदा त्यांच्यासमोर लावूनही दाखवा.

आमच्या वाडीत यंदा गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात कार्डं काढायला बसणार आहोत. निघतील त्या कार्डांची एक प्रत चाकरमान्याच्या फोनमध्ये जाईल. दुसरी, आधार-रेशनकार्डाच्या झेरॉक्ससह, प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवायची, आणि ती कुठे आहे हे शेजारच्या घरात सांगून ठेवायचं.