सर्वोच्च सेनापती

राष्ट्राच्या सगळ्या सशस्त्र दलांवर ज्याचा हुकूम अखेरचा, तो सर्वोच्च सेनापती. सरसेनापती असेही त्याला म्हणतात. आज बहुतेक देशांत हे पद राष्ट्रप्रमुखाकडे असते, मग तो निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष असो वा वारसाहक्काने आलेला राजा. या पदावरची व्यक्ती बहुधा सैनिक नसते. तोफा कुठे मांडायच्या, कोणत्या घाटातून चाल करायची हे तिने सांगावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. सैन्य वापरायचे की नाही, कोणाविरुद्ध, कुठवर आणि थांबायचे केव्हा, हे तिने ठरवायचे. हुकूम न मानणाऱ्या सेनानीला घरी पाठवण्याचा अधिकारही तिचाच. शांततेच्या काळात हे पद सलामी, पदके आणि संचलनापुरते वाटते. सैन्याने नेमके कोणाचे ऐकायचे असा पेच उभा राहिला, की त्याची खरी ताकद आणि खरी उणीव दिसते.

जुन्या काळी असा पेच कमी येई, कारण राजा स्वतःच घोड्यावर असे. इंग्लंडचा दुसरा जॉर्ज १७४३ मध्ये डेटिंगनच्या लढाईत आपल्या फौजेबरोबर रणांगणात उतरला. त्यानंतर एकाही ब्रिटिश राजाने लढाईत सैन्याचे नेतृत्व केलेले नाही. राजा मागे राहून सेनापती पुढे जाऊ लागला, की दोघांच्या अधिकारांची सीमा आखावी लागते. शिवकालातली प्रतापराव गुजरांची हकीकत याच सीमेवरची आहे. उंबराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या विजापूरच्या सरदाराला, बहलोलखानाला, सरनोबत प्रतापरावांनी जाऊ दिले, आणि महाराजांनी त्याबद्दल कडक शब्दांत जाब विचारला. खान पुन्हा चालून आल्यावर १६७४ मध्ये नेसरीजवळ प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडले आणि मारले गेले. पोवाडे या घटनेतले शौर्य गातात. राज्यकारभाराच्या अंगाने पाहिले तर प्रश्न साधा होता: शरण आलेल्या शत्रूला सोडायचे की नाही हा निर्णय रणांगणावरचा की गादीचा?

इंग्लंडमध्ये याच प्रश्नावरून यादवी झाली. १६४२ मध्ये पार्लमेंटने राजाची संमती न घेता एक वटहुकूम काढला आणि मुलकी फौजेवरचा ताबा आपल्याकडे घेतला. पहिल्या चार्ल्सने तो धुडकावला. दोन्ही बाजू फौजा जमवू लागल्या, आणि सात वर्षांनी राजाचे शिर उडवले गेले. राजसत्ता परत आल्यावर १६६१ च्या कायद्याने सेनेचे आधिपत्य पुन्हा राजाला दिले. पण १६८९ च्या हक्कनाम्याने त्याला खरी वेसण घातली: पार्लमेंटच्या संमतीवाचून शांततेच्या काळात खडे सैन्य ठेवता येणार नाही. हुकूम राजाचा, पैसा पार्लमेंटचा. पुढे जगभरच्या राज्यघटनांनी ही विभागणी कमीअधिक फरकाने उचलली.

अमेरिकेच्या घटनाकारांनी ती सर्वांत काटेकोरपणे लिहून काढली. १७८७ च्या घटनेतल्या दुसऱ्या अनुच्छेदाने राष्ट्राध्यक्षाला सेना व नौदलाचा सरसेनापती केले. युद्ध पुकारणे, सैन्य उभारणे आणि त्याला पैसा पुरवणे हे मात्र काँग्रेसकडे ठेवले, आणि तेही अशा अटीवर की सैन्यासाठीची कोणतीही तरतूद दोन वर्षांहून अधिक मुदतीची असू नये. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जॉर्ज वॉशिंग्टन होता. युद्ध जिंकलेल्या या सेनापतीने डिसेंबर १७८३ मध्ये ॲनापोलिसला जाऊन काँग्रेसच्या हाती आपली नेमणूक परत केली आणि तो शेतीवर निघून गेला. वॉशिंग्टनसारखा माणूस दर वेळी मिळणार नाही याची त्यांना कल्पना होती. दोन वर्षांची अट त्यातूनच आली असावी.

या पदाची कसोटी पाहणारी सर्वांत बोलकी घटना १९५१ सालची. कोरियात संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचे नेतृत्व करणारा जनरल डग्लस मॅकार्थर दुसऱ्या महायुद्धाचा नायक होता. युद्ध चीनपर्यंत न्यावे असे त्याचे मत, तर ते कोरियापुरते ठेवावे हे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमनचे धोरण. मतभेद असणे गुन्हा नव्हता. पण मॅकार्थर ते जाहीरपणे मांडू लागला, आणि विरोधी पक्षाच्या एका नेत्याला त्याने लिहिलेले पत्र एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहात वाचून दाखवले गेले. ११ एप्रिलला ट्रूमनने त्याला सर्व पदांवरून दूर केले. मॅकार्थर तेव्हा टोकियोत पाहुण्यांबरोबर जेवायला बसला होता. अधिकृत तार हाती पडण्याआधी रेडिओवरची बातमी त्याच्या कानी आली. मायदेशी त्याच्या मिरवणुका निघाल्या, ट्रूमनची लोकप्रियता तळाला गेली, सेनेटमध्ये सुनावण्या झाल्या. पण कोरियातल्या फौजेने एका दिवसाचाही खोळंबा न करता त्याच्या जागी आलेल्या जनरल रिजवेचे हुकूम मानायला सुरुवात केली. लोकांना आवडणारा सेनापती हटवता येतो आणि सैन्य जागचे हलत नाही, याहून चांगला पुरावा या पदाला मिळणे कठीण.

अमेरिकेतच या पदाची दुसरी बाजूही दिसते. युद्ध न पुकारताच युद्ध करण्याची सवय राष्ट्राध्यक्षांना लागली; कोरिया आणि व्हिएतनाम या दोन्ही ठिकाणी काँग्रेसने रीतसर युद्धघोषणा केलेली नव्हती. १९७३ मध्ये काँग्रेसने निक्सनचा नकाराधिकार मोडून युद्धाधिकार ठराव संमत केला. सैन्य लढाईत उतरवल्यापासून ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे, आणि मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवस घेऊन, ते मागे घ्यायचे, असा हा नियम. त्यानंतरच्या राष्ट्राध्यक्षांनी कळवण्याचे काम बहुतेक वेळा केले, पण आपले हात या ठरावाने बांधले जातात हे मनापासून मान्य केले नाही. अण्वस्त्रांच्या बाबतीत तर हे पद जवळजवळ एकट्या माणसापुरते उरते. लष्करी अधिकारी एक काळी बॅग घेऊन सतत राष्ट्राध्यक्षाच्या आसपास असतो. राष्ट्राध्यक्षाने आपली ओळख सांकेतिक शब्दांनी पटवून दिली की त्याचा आदेश थेट खाली जातो. संरक्षणमंत्र्याला तो अडवण्याचा अधिकार नाही. काही मिनिटांत निर्णय घ्यावा लागेल या गृहीतकावर ही रचना उभी आहे. घटनाकारांच्या दोन वर्षांच्या अटीशी तिचा मेळ कसा घालायचा, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

भारतात हा शब्द आधी खऱ्या सत्तेचा होता आणि मग मानाचा झाला. ब्रिटिश काळातला कमांडर-इन-चीफ, म्हणजे जुन्या मराठी बोलण्यातला ‘जंगी लाट’, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसे. १९०५ मध्ये लॉर्ड किचनर आणि व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यात लष्करी कारभारावरून जुंपली. लंडनने किचनरची बाजू उचलून धरली आणि कर्झनने राजीनामा दिला. मुलकी अधिकाऱ्याला सेनापतीपुढे माघार घ्यावी लागल्याचे हे उदाहरण पुढच्या पिढ्या विसरल्या नाहीत. नव्या दिल्लीत या सेनापतीसाठी बांधलेला प्रशस्त बंगला, फ्लॅगस्टाफ हाउस, स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान नेहरूंचे निवासस्थान झाला. तोच तीन मूर्ती भवन. १५ जानेवारी १९४९ रोजी के. एम. करिअप्पा हे भारतीय भूदलाचे पहिले भारतीय कमांडर-इन-चीफ झाले, म्हणून तो दिवस सेना दिन. मात्र १९५० च्या संविधानाने सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिल्यावर तिन्ही दलांच्या प्रमुखांनी तेच बिरूद मिरवणे विसंगत होते. १९५५ मध्ये कायदा करून ते काढले गेले, आणि जनरल राजेंद्रसिंहजी भूदलाचे शेवटचे कमांडर-इन-चीफ व पहिले लष्करप्रमुख ठरले.

अनुच्छेद ५३ संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींना देतो आणि त्याच वाक्यात त्याचा वापर कायद्याने नियंत्रित करतो. अनुच्छेद ७४ प्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. त्यामुळे युद्धाचा निर्णय मंत्रिमंडळाचा आणि सही राष्ट्रपतींची. प्रजासत्ताक दिनी कर्तव्यपथावरची सलामी राष्ट्रपती घेतात, परमवीर चक्र त्यांच्याच हस्ते दिले जाते. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये आणि प्रतिभाताई पाटील यांनी २००९ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० विमानातून उड्डाण केले, तेही सर्वोच्च सेनापती या नात्याने. प्रत्यक्ष सत्ता कुठे आहे हे पाहायचे तर अण्वस्त्रांकडे पाहावे. २००३ मध्ये जाहीर झालेल्या रचनेनुसार अण्वस्त्र वापरण्याची परवानगी एकट्या राजकीय परिषदेला देता येते, आणि तिचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. २०२० मध्ये आलेले संरक्षण दल प्रमुख हे पदसुद्धा सरसेनापतीचे नाही. तिन्ही दलांच्या प्रमुखांवर हुकूम चालवण्याचा अधिकार त्याला मुद्दाम दिलेला नाही.

सेनापतीपद नावापुरतेच ठेवावे की त्यात जीव असावा, या वादात दोन्ही बाजूंना इतिहासातून दाखले मिळतात. रशियाच्या दुसऱ्या निकोलसने १९१५ मध्ये, फौज माघार घेत असताना, सरसेनापतीपद स्वतःकडे घेतले आणि तो मोगिल्योव्हच्या मुख्य तळावर जाऊन राहिला. मोहिमा जनरल अलेक्सेयेव्ह आखे. पण प्रत्येक पराभवाचा ठपका आता थेट झारवर येऊ लागला, आणि राजधानी त्याच्या नजरेआड गेली. मार्च १९१७ मध्ये पेत्रोग्राद पेटले तेव्हा त्याची आगगाडी वाटेतच अडली. आघाड्यांवरच्या सेनापतींना तारा करून मत विचारले गेले, तर त्यांनी गादी सोडण्याचाच सल्ला दिला. हिटलरने १९३८ मध्ये सर्व सशस्त्र दलांचे आणि डिसेंबर १९४१ मध्ये खुद्द भूदलाचेही नेतृत्व स्वतःकडे घेतले. त्याचे परिणाम सांगायला नकोत.

नावापुरत्या आधिपत्याचा धोका जपानने दाखवला. १८८९ च्या मेजी घटनेत सेनेचे आधिपत्य सम्राटाकडे होते आणि सेनाधिकारी मंत्रिमंडळाला वळसा घालून थेट सम्राटापाशी जाऊ शकत. सम्राट सहसा स्वतः हुकूम देत नसे. मग ‘आम्ही फक्त सम्राटाला बांधील’ म्हणणारे लष्कर प्रत्यक्षात कोणालाच बांधील उरले नाही. १९३० मध्ये सरकारने नौदल मुख्यालयाचा विरोध डावलून लंडनचा नौदल करार केला, तेव्हा सम्राटाच्या सेनाधिकारावर घाला घातल्याची ओरड झाली आणि पंतप्रधान हामागुची यांच्यावर टोकियो स्थानकात गोळी झाडली गेली. पुढच्या वर्षी मांचुरियातल्या फौजेने परस्पर युद्ध सुरू केले. आज जपानच्या स्वसंरक्षण दलांचे आधिपत्य १९५४ च्या कायद्याने पंतप्रधानांकडे आहे.

स्पेनमध्ये नेमके उलट घडले. २३ फेब्रुवारी १९८१ च्या संध्याकाळी लेफ्टनंट कर्नल तेजेरो सशस्त्र शिपाई घेऊन संसदेत घुसला आणि त्याने छताकडे गोळ्या झाडल्या. तिकडे व्हॅलेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले. स्पेनच्या घटनेप्रमाणे राजाच्या कृतीवर मंत्र्याची प्रतिसही लागते, आणि त्या रात्री सगळे मंत्रिमंडळ सभागृहात ओलीस होते. राजा हुआन कार्लोसने एकेका प्रांताच्या लष्करी अधिपतीला स्वतः फोन केले आणि मध्यरात्र उलटल्यावर सरसेनापतीच्या गणवेशात दूरचित्रवाणीवर येऊन बंडाला नकार दिला. दुसऱ्या दिवशी ते मोडले. कागदावर शोभेचे असलेले पद त्या रात्री उपयोगी पडले, याचे श्रेय गणवेशाला किती आणि फोनला किती, हा प्रश्न उरतोच.

काही देशांनी एका व्यक्तीला हे पद देण्याचेच टाळले आहे. जर्मनीत शांततेच्या काळात आधिपत्य संरक्षणमंत्र्याकडे असते आणि देशावर हल्ला झाल्याचे जाहीर होताच ते चान्सलरकडे जाते. इस्रायलमध्ये सेना सरकारच्या, म्हणजे सबंध मंत्रिमंडळाच्या, अधीन आहे. १९७३ च्या युद्धानंतरच्या चौकशीत कोणाचा अधिकार कुठवर हेच स्पष्ट नसल्याचे दिसले, म्हणून १९७६ मध्ये मूलभूत कायदा करावा लागला. चीनमध्ये सेना पक्षाची आहे, आणि केंद्रीय लष्करी आयोगाचे अध्यक्षपद ज्याच्याकडे तोच खरा धनी. देंग शाओपिंग ना राष्ट्राध्यक्ष होता ना पक्षाचा सरचिटणीस, पण हे पद त्याने हातचे सोडले नव्हते. स्वित्झर्लंड युद्धाचे सावट आले तरच जनरल नेमतो, आणि त्याची निवड संसद करते.

हुकूम देण्याबरोबर जबाबदारीही येते, आणि तिचे नियम अजून घडत आहेत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्याने स्थापले त्या १९९८ च्या रोम करारानुसार हाताखालच्या लोकांनी केलेले युद्धगुन्हे रोखले नाहीत तर सेनापतीला दोषी धरता येते, मग तो मुलकी वरिष्ठ का असेना. राष्ट्रप्रमुखपदाची ढालही चालत नाही. अडचण अंतराची आहे. काँगोतल्या एका सशस्त्र संघटनेचा अध्यक्ष आणि सरसेनापती झाँ-पिएर बेंबा याला या न्यायालयाने २०१६ मध्ये याच कलमाखाली दोषी ठरवले होते. गुन्हे शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात घडले होते आणि तो सीमेपलीकडे होता. २०१८ मध्ये अपील पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी त्याला सोडले; दूर बसलेल्या सेनापतीच्या मर्यादा खालच्या न्यायालयाने पुरेशा लक्षात घेतल्या नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते.