१०९९ मिळाला, पण काम नोकरीसारखंच? फॉर्म एसएस-८ कोणी, कसा आणि कधी भरावा

अमेरिकेत वर्ष संपलं की नोकरदाराला पगाराची नोंद असलेला डब्ल्यू-२ फॉर्म मिळतो आणि स्वतंत्र कंत्राटदाराला मिळालेल्या पैशाची नोंद असलेला १०९९-एनईसी. दुकानाच्या गल्ल्यावर, दवाखान्याच्या स्वागतकक्षात, छोट्या आयटी फर्ममध्ये ठरलेल्या वेळी हजर राहणाऱ्या अनेकांच्या हातात मात्र १०९९ पडतो. मालकाचा त्यात सरळ फायदा आहे. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांचा मालकाच्या वाट्याचा ७.६५ टक्के कर वाचतो, बेरोजगारी विमा भरावा लागत नाही. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरच्या दोन्ही वाट्यांचा भार कामगाराच्या डोक्यावर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर म्हणून येतो.

करारावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असं लिहून सही घेतली म्हणून कोणी कंत्राटदार ठरत नाही. आयआरएस, म्हणजे तिथलं आयकर खातं, तीन गोष्टी तपासतं. काम कसं करायचं हे कोण सांगतं? वेळ, जागा, पद्धत, प्रशिक्षण हे सगळं यात येतं. पैशाच्या बाजूवर ताबा कोणाचा? अवजारं कोणाची, खर्च कोण सोसतो, तोटा होण्याची शक्यता कामगाराला आहे का, तो इतर गिऱ्हाईकं घेऊ शकतो का. आणि दोघांमधलं नातं कसं आहे? पगारी रजा, विमा, कामाचं सातत्य, ते काम फर्मच्या मुख्य धंद्याचा भाग आहे का. एकाच मुद्द्यावर निकाल लागत नाही. घरून काम करता म्हणजे तुम्ही आपोआप कंत्राटदार असंही नाही.

शंका असेल तर फॉर्म एसएस-८ भरून आयआरएसकडूनच निर्णय मागता येतो. फी नाही. अर्ज कामगारही करू शकतो, फर्मही. काम प्रत्यक्ष झालेलं किंवा चालू असलेलं हवं. ‘असा माणूस ठेवला तर काय होईल’ अशा काल्पनिक प्रश्नाला उत्तर मिळत नाही. दोन फर्मसाठी काम केलं असेल तर दोन वेगळे अर्ज. फर्मला एकाच प्रकारच्या अनेक कामगारांबद्दल विचारायचं असेल तर त्यातल्या एकाबद्दलचा अर्ज पुरतो.

फॉर्मचे पाच भाग आहेत: सर्वसाधारण माहिती, कामावरचं नियंत्रण, आर्थिक नियंत्रण, नातं, आणि थेट ग्राहकांना सेवा देणाऱ्यांसाठी किंवा विक्रेत्यांसाठी वेगळा भाग. सगळ्या प्रश्नांना उत्तर हवं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’, लागू नसेल तर ‘लागू नाही’ असं इंग्रजीत लिहा. रिकाम्या जागा सोडल्या की अर्ज अडकतो. जागा पुरली नाही तर वेगळा कागद जोडून त्यावर भाग आणि प्रश्नाचा क्रमांक टाका. ‘मालक सगळं सांगतो’ या वाक्याचा उपयोग शून्य. ‘दर रविवारी व्हॉट्सअॅपवर आठवड्याचं वेळापत्रक येतं, बदली माणूस पाठवायला परवानगी नाही’ असं लिहा आणि त्या संदेशाची प्रत लावा.

सोबत कराराची प्रत, १०९९ किंवा डब्ल्यू-२, बिलं, पैसे मिळाल्याच्या नोंदी, वेळापत्रकं, सूचनांचे ईमेल जोडावेत. सही हातची, शिक्क्याची चालत नाही. अर्ज वार्षिक विवरणपत्राला जोडू नका, तो स्वतंत्र पत्त्यावर जातो. पत्ता फॉर्मच्या ताज्या आवृत्तीतल्या सूचनांमधून घ्या.

अर्ज पोचला की आयआरएस फर्मला कळवतं आणि तिची बाजू मागवतं. म्हणजे नाव गुप्त राहत नाही, हे आधी समजून घ्या. निकालाला किमान सहा महिने धरा. तेवढं थांबून विवरणपत्राची तारीख चुकवू नका. आपण नोकरदारच आहोत अशी खात्री असेल तर विवरणपत्रासोबत फॉर्म ८९१९ भरून फक्त कामगाराच्या वाट्याचा ७.६५ टक्के कर भरता येतो. एसएस-८ अर्ज केलाय पण उत्तर नाही, तर ८९१९ वर कारणाचा कोड ‘जी’; नोकरदार ठरवणारं निर्णयपत्र आलंय, तर ‘ए’. ‘जी’ वापरायचा तर एसएस-८ विवरणपत्राच्या आधी किंवा त्याच दिवशी गेलेला हवा. एकाच वर्षात एकाच फर्मकडून डब्ल्यू-२ आणि १०९९ दोन्ही आले आणि १०९९ ची रक्कम डब्ल्यू-२ मध्ये हवी होती, तर कोड ‘एच’. तिथे एसएस-८ लागत नाही.

आकडेमोड मात्र आधी करा. ५०,००० डॉलर मिळाले आणि खर्च काहीच नाही, तर स्वयंरोजगार कर सुमारे ७,०६५ डॉलर होतो, ८९१९ वर ३,८२५. फरक ३,२४० दिसतो. पण नोकरदार ठरलात की स्वयंरोजगार कराच्या निम्म्या रकमेची वजावट जाते, धंद्याच्या उत्पन्नावरची २० टक्क्यांपर्यंतची वजावट जाते आणि गाडी, फोन, लॅपटॉपचे खर्चही दाखवता येत नाहीत. त्याच ५०,००० वर १५,००० डॉलर खर्च दाखवला असेल, तर आयकराच्या १२ टक्क्यांच्या टप्प्यातही एकूण कर वाढू शकतो. नुसत्या परताव्यासाठी घाई नको.

मागच्या वर्षांचा परतावा हवा असेल तर मुदत सांभाळा. २०२३ चं विवरणपत्र १५ एप्रिल २०२४ पर्यंत भरलेलं असेल, तर दावा साधारणपणे १५ एप्रिल २०२७ पर्यंतच करता येतो. एसएस-८ प्रलंबित असला म्हणून ही मुदत थांबत नाही. म्हणून १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त विवरणपत्र, भरून वरच्या बाजूला ‘प्रोटेक्टिव्ह क्लेम’ असं इंग्रजीत लिहून तो आधीच दाखल करतात. मुदत चुकली तर पैसे इथेच बुडतात.

व्हिसावर असणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. एच-१बी वर अर्जदार कंपनीची नोकरी हेच परवानगीचं मूळ आहे, आणि स्टेम ओपीटीलाही (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर मिळणारी वाढीव कामाची परवानगी) मालक-नोकर नातं लागतं. अशा माणसाकडे १०९९ असेल तर प्रश्न कराच्या पलीकडे जातो. एसएस-८ वर खोटं लिहिल्यास शिक्षा होईल हे मान्य करून सही करावी लागते, त्यामुळे आधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. अनिवासी करदाता असलेल्या एफ-१ विद्यार्थ्याला तर स्वयंरोजगार करच लागू नाही. त्याला ८९१९ चा फायदा नाही.

एसएस-८ चा निर्णय ही लेखातपासणी (ऑडिट) नसते, त्यामुळे तिच्यासारखं अपीलही नाही. नवे पुरावे असतील तर फेरविचार मागता येतो. फर्मने आधीच चूक ओळखली असेल तर कामगारांना पुढे नोकरदार धरण्यासाठी तिला फॉर्म ८९५२ चा स्वेच्छा मार्ग आहे, तोही मागच्या तीन वर्षांचे १०९९ नियमित भरले असतील तरच.

आयआरएसचा निकाल राज्यावर बंधनकारक नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून एबी५ कायद्याने ‘एबीसी’ कसोटी आली. बरेच व्यवसाय त्यातून वगळले आहेत, पण जिथे ती लागू होते तिथे कामगार नियंत्रणमुक्त आहे, काम फर्मच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं आहे आणि त्याचा स्वतःचा स्थापित धंदा आहे, या तिन्ही गोष्टी फर्मने सिद्ध करायच्या असतात. तिथल्या रोजगार खात्याकडे विचारायचं तर फॉर्म डीई १८७० वेगळा भरावा लागतो.