वीस बाइटांचा निरोप आणि दिवसाचे पाच जूल

खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीजवळ (भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारांजवळ) पाण्याची पातळी आणि खारटपणा मोजणारा सेन्सर बसवायचा, तर त्याने पाठवायची माहिती असते किती? पातळीचा आकडा, क्षारतेचा आकडा, तापमान, वेळ, बॅटरीची स्थिती. नेटकी बांधणी केली तर वीसएक बाइटांत सगळं बसतं. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या एका फोटोत असे हजारो निरोप मावतील. तरीही अशा यंत्राची बॅटरी बघता बघता उतरते, आणि त्याला निरोपाचा आकार जबाबदार नसतो.

गोव्यात हा प्रश्न कागदावरचा नाही. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा मांडवी-जुवारीच्या खाड्यांतून आत येतं. बांध फुटला किंवा मानशीची दारं नीट मिटली नाहीत, तर खारं पाणी शेतात शिरतं. कोरगुटासारखं भात थोडा खार सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. बांधावर वीज नसते. सौर पॅनल लावावं, तर आषाढ-श्रावणात सूर्य दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच माहिती सगळ्यात जास्त हवी असते. म्हणजे भिस्त बॅटरीवर.

अशाच यंत्रांसाठी मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने २०१६ मध्ये मानकांच्या 'रिलीज १३' या आवृत्तीत एनबी-आयओटी हे तंत्र आणलं. उद्दिष्ट होतं ५ वॉट-तासांच्या बॅटरीवर १० वर्षं. आता हिशेब मांडू. जूल हे ऊर्जेचं एकक; ५ वॉट-तास म्हणजे १८,००० जूल. त्यांना ३,६५० दिवसांनी भागलं की दिवसाच्या वाट्याला ४.९ जूल येतात. झोपणं, मोजणं, बोलणं, सगळं त्यातच भागवायचं.

प्रत्यक्ष निरोपाचा खर्च किरकोळ आहे. सेकंदाला २० किलोबिटचा वेग धरला, तर वीस बाइटांचे १६० बिट जायला ८ मिलिसेकंद लागतात. त्या वेळी मोडेम ०.७ वॉट खातो असं धरलं, तरी ०.००६ जूलही होत नाहीत. पण त्याआधी टॉवरचा सिग्नल शोधून घड्याळ जुळवावं लागतं, 'मी इथे आहे' अशी हाक द्यावी लागते, परवानगीची वाट बघावी लागते, ओळख पटवून सुरक्षेच्या किल्ल्या ठरवाव्या लागतात. मग कुठे माहिती जाते. ती गेल्यावरही टॉवर जोडणी लगेच सोडत नाही. अजून काही येईल म्हणून काही सेकंद थांबतो, आणि तोवर यंत्राला कान उघडे ठेवावे लागतात. रायबंदर-चोडण फेरीबोटीत एकच माणूस एक पाकीट घेऊन चढावा, आणि तो पलीकडे उतरल्यावरही 'आणखी कोणी येतंय का' म्हणून इंजिन चालूच राहावं, तसं हे आहे.

हे थांबणंच महागात पडतं. ऐकत राहायला ७० मिलिवॅट लागतात आणि टॉवर २० सेकंद थांबतो असं समजा, तर एका खेपेला १.४ जूल गेले. दर तासाला निरोप पाठवला तर दिवसाला ३३ जूलहून जास्त. हातात आहेत पाच.

यावरचा एक उपाय मला फार आवडतो, कारण तो अगदी साधा आहे. माहितीसोबतच यंत्राने सांगायचं, 'एवढंच होतं, मला सोडा.' या इशाऱ्याची सोय एनबी-आयओटीत पहिल्यापासून आहे. एक-दोन बिटांत मागाहून थांबण्याचा बहुतेक खर्च वाचतो. दुसरा उपाय गाढ झोपेचा: पॉवर सेव्हिंग मोडमध्ये यंत्र नेटवर्कवरची नोंद कायम ठेवून ठरलेला काळ रेडिओ पूर्ण बंद करतं आणि काही मायक्रोअँपिअरवर राहतं. पण झोपलेल्या यंत्राला बाहेरून उठवता येत नाही. 'कधीही विचारा, लगेच उत्तर' आणि 'दहा वर्षं बॅटरी' या दोन्ही अपेक्षा एकाच योजनेत लिहिल्या, तर त्यातली एक पुरी होणार नाही. नुसती पातळी कळवणाऱ्या यंत्राला ही झोप चालते. दुरून दार उघडायचं असेल, तर मधूनमधून कान देणारी हलकी झोपच हवी.

राहिला जोडणीच्या आधीचा खर्च. ५जीत २०१८ पासून 'इनॅक्टिव्ह' नावाची मधली अवस्था आहे: यंत्र शांत असतं, पण त्याची ओळख आणि किल्ल्या दोन्हीकडे जपून ठेवलेल्या असतात. तरी सुरुवातीला चार बाइटांसाठीसुद्धा पूर्ण जोडलेल्या अवस्थेत परतावं लागे. २०२२ च्या रिलीज १७ ने ती अट काढली. आता छोटी माहिती इनॅक्टिव्ह अवस्थेतूनच, हाकेला परवानगी मिळताच जाणाऱ्या पहिल्या संदेशात किंवा थेट हाकेसोबत जाऊ शकते. फोनमधली अॅप सर्व्हरला 'मी जागा आहे' म्हणून पाठवतात ते बारीक संदेशही यात येतात.

याच मानकात आणखी एक रीत आहे: टॉवर यंत्रासाठी ठरावीक वेळ आधीच राखून ठेवतो, मग हाक देण्याचीही गरज उरत नाही. अट एकच, घड्याळ अचूक जुळलेलं हवं. रेडिओ लहरींना एक किलोमीटर जायला ३.३ मायक्रोसेकंद लागतात. यंत्र हललं की ही जुळणी बिघडते आणि त्याचा संदेश शेजाऱ्याच्या वेळेत घुसतो. म्हणून यंत्र आधी तपासतं, की सिग्नलची ताकद पूर्वीइतकीच आहे का. खूप बदलली असेल तर राखीव वेळ सोडून नेहमीसारखी हाक देतं. मानशीवरचा सेन्सर जागचा हलत नाही, त्याला ही रीत चपखल बसते. मच्छीमारी बोटीवरच्या यंत्राला ती चालणार नाही. शिवाय राखीव वेळ वापरली गेली नाही तर ती वायाच जाते, त्यामुळे निरोप नियमित असेल तिथेच ती द्यावी.

अर्थात मानकात लिहिलं म्हणजे आपल्या टॉवरवर आलं असं नाही. सोय मोडेम आणि टॉवर या दोन्हीकडे लागते. ती असली तरी सत्तरी-सांग्याच्या डोंगरांआड रेंज कमी पडली, की एनबी-आयओटीचं यंत्र तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवतं, १२८ वेळांपर्यंत. तेव्हा हाकेतले वाचवलेले जूल इथे सहज उडतात. म्हणून सेन्सर पाण्यालगत ठेवावा, पण अँटेना वायर ओढून बांधावरच्या उंच खांबावर न्यावी, आणि बसवण्याआधी भरती-ओहोटी दोन्ही वेळा तिथला सिग्नल मोजून बघावा.