दीड कलेचा टॅबलेट

कपाटाचा खालचा खण आवरताना जुना सात इंची टॅबलेट हाती लागला की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘देऊन टाक, नुसता धूळ खातोय.’ दुसरा म्हणतो, ‘असू दे, वाचायला होईल.’ आमच्याकडे तिसराही पक्ष निघाला: ‘त्यावर वाचू नकोस, निळ्या प्रकाशाने डोळे जातील.’

तिसऱ्या पक्षाचा निकाल आधी लावतो, कारण तो सोपा आहे. पडद्यातून येणारा निळा प्रकाश हा दिवसा उघड्या आकाशातून डोळ्यांत शिरणाऱ्या निळ्या प्रकाशापुढे अगदीच किरकोळ असतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर झालेल्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेने २०२३ साली आढावा घेतला. त्या चष्म्यांनी डोळ्यांवरचा ताण, निदान थोड्या मुदतीत, कमी होत असल्याचं त्यात काही दिसलं नाही. चष्मे मात्र अजून जोरात खपतात. डोळे चुरचुरतात हे खोटं नाही, पण त्याचं मोठं कारण म्हणजे एकाग्र होऊन वाचताना आपण पापण्या मिटायचं विसरतो आणि डोळे कोरडे पडतात. रंगलेली कादंबरी छापील असली तरी हेच होतं.

आता उरले पहिले दोन पक्ष. त्यांचं भांडण मतांनी मिटणार नाही, मोजपट्टीने मिटेल. आणि मोजायचं काय, तर एक कला.

पंचांग चाळणाऱ्यांना हा शब्द ठाऊक असेल. वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. आकाशातलं पौर्णिमेचं चंद्रबिंब साधारण ३१ कलांचं दिसतं. (ग्रह कुठल्या राशीत किती अंश-कलांवर आहे हे सांगणारं गणित चोख असतं. त्यावरून तुमचं लग्न कधी जमेल हे जे पुढे सांगितलं जातं, त्याची जबाबदारी बिचाऱ्या गणितावर टाकू नये.) डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, तोही कलेवरच उभा आहे. हेर्मान स्नेलेन या डच डॉक्टरने १८६२ साली तो बनवला. ‘६/६’च्या ओळीतलं अक्षर सहा मीटरवरून बरोबर ५ कला उंच दिसतं आणि त्यातली प्रत्येक रेघ १ कला जाड असते. मोजायला गेलात तर ते अक्षर पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास भरेल. म्हणजे निरोगी नजर एकमेकींपासून एक कला लांब असलेल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखते, असं धरलेलं आहे. बऱ्याच तरुण डोळ्यांना यापेक्षा थोडं बारीकही दिसतं.

हा आकडा काही हवेतून आलेला नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध एक खळगा आहे. तिथे प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी इतक्या दाटीने बसलेल्या असतात की शेजारच्या दोन पेशींमधलं अंतर साधारण अर्धी कला पडतं. दोन उजळ रेघा वेगळ्या दिसायच्या तर त्यांच्या मध्ये निदान एका पेशीला अंधार दिसायला हवा. उजळ, अंधार, उजळ अशा तीन पेशी झाल्या, म्हणजे रेघांमधलं अंतर दोन पेशींएवढं. अर्धी अधिक अर्धी, एक कला.

हे पुस्तकाच्या अंतरावर आणू. टॅबलेट आपण डोळ्यांपासून ३५ सेंटीमीटरवर धरतो असं माना. तिथे एक कला म्हणजे जवळजवळ बरोबर एक दशांश मिलिमीटर. पडद्यावरचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, यापेक्षा लहान असेल तर डोळ्याला तो सुटा दिसणार नाही. आमच्या खणातल्या टॅबलेटवर १०२४ गुणिले ६०० ठिपके आहेत. सात इंची कर्णावर ते इंचाला सुमारे १७० पडतात, म्हणजे एकेक ठिपका ०.१५ मिलिमीटरचा. दीड कला! आजकालची वाचनयंत्रं इंचाला ३०० ठिपके देतात, त्यांचा ठिपका एका कलेच्या आत बसतो. ठिपके खरोखर पाहायचे असतील तर पांढऱ्या पानावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. तो भिंगासारखं काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या दिसू लागतात. थेंब टाचणीच्या डोक्याएवढाच असावा, टॅबलेटला अंघोळ घालायची नाही.

आता खरी गंमत. एक कला ही दोन गोष्टी सुट्या दिसण्याची मर्यादा झाली. पण एका सरळ रेघेचा अर्धा भाग किंचित वर सरकवला तर ती फट डोळ्याला किती बारीक असताना कळते? एका कलेला? नाही. पाच-दहा विकलांना कळते, म्हणजे शंकुपेशीच्या अंतरापेक्षाही कितीतरी कमी. मेंदू रेघेच्या बाजूने असलेल्या शेकडो पेशींचं म्हणणं एकत्र ऐकतो आणि त्यातून रेघेची सरासरी जागा ठरवतो. एकट्या पेशीला जे सांगता येत नाही ते घोळक्याला सांगता येतं. व्हर्निअर कॅलिपरवर शाळेत आपण हीच नजर वापरत होतो, रेघेला रेघ जुळली की नाही ते पाहायला.

आणि देवनागरी ही सरळ रेघेलाच टांगलेली लिपी. शिरोरेघ अक्षराअक्षरातून सलग गेली पाहिजे, आणि ती जिथे तुटते किंवा एका ठिपक्याने खालीवर होते तिथे ही विकलांची नजर लगेच अडखळते. टॅबलेट यावर एक युक्ती करतो. रेघ ठिपक्यांच्या दोन ओळींच्या मध्ये पडली तर तो दोन्ही ओळी अर्धवट करड्या रंगवतो. रेघ जागेवर आल्यासारखी वाटते, पण काळीभोर न राहता धुरकट होते. संगणकांवर आणखी एक युक्ती चालते: ठिपक्यातल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरून अक्षराच्या कडा तिप्पट बारकाईने काढायच्या. ही तिप्पट बारकाई फक्त आडव्या दिशेने मिळते, कारण पट्ट्या उभ्या आणि शेजारीशेजारी असतात. रोमन अक्षरांना त्याचा फायदा होतो, कारण त्यांत उभ्या रेघा पुष्कळ. आपली गुंतागुंत उभ्या दिशेला आहे. वेलांटी वर, उकार खाली, जोडाक्षर एकावर एक. शिवाय टॅबलेट आपण कधी उभा धरतो, कधी आडवा, त्यामुळे त्यावर बहुधा ही युक्ती वापरतच नाहीत.

‘पट्टी’ हा शब्द घ्या, ट खाली ट लिहून. वरून खाली या: वेलांटीची कमान, फट, शिरोरेघ, फट, वरच्या ट ची वरची कड, पोकळी, खालची कड, फट, खालच्या ट ची वरची कड, पोकळी, खालची कड. अकरा थर. स्नेलेनच्या रोमन ई मध्ये पाचच असतात: रेघ, फट, रेघ, फट, रेघ. प्रत्येक थराला निदान एक ठिपका हवा, म्हणजे ‘ट्टी’ नीट उमटायला ठिपक्यांच्या किमान अकरा ओळी हव्यात. आमच्या टॅबलेटवर हे झाले १.६५ मिलिमीटर, ३०० वाल्यावर एका मिलिमीटरपेक्षाही कमी.

इथवर आल्यावर पहिला पक्ष म्हणेल, मग द्या टाकून. पण थांबा. वाचनाचं अक्षर कोणी एवढं बारीक ठेवत नाही! अक्षर मोठं केलं की प्रत्येक थराला दोन-तीन ठिपके मिळतात आणि दीड कलेचा प्रश्न बऱ्यापैकी विरघळतो. धुरकटपणा थोडा राहतो, वाचनात अडथळा येत नाही. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. माझ्या सोयीच्या अक्षरात त्या पडद्यावर सोळा-सतरा ओळी आणि ओळीला पाचेक शब्द मावले. छापील पुस्तकाच्या एका पानाला तीन-चार टिचक्या. कथा-कादंबरीत हे चालतं, तिसऱ्या पानानंतर बोट आपोआप काम करतं. कवितेत चालत नाही, ओळ मध्येच मोडून खाली येते आणि कवीने जिथे श्वास घेतलेला नसतो तिथे आपल्याला घ्यावा लागतो.

तेव्हा ठिपका किती बारीक आहे याइतकंच, तुमची पुस्तकं कशी साठवलेली आहेत याला महत्त्व आहे. ईपब हा प्रकार पिठासारखा, भांडं असेल तसा आकार घेतो. अक्षर मोठं करा, ओळी नव्याने मांडल्या जातात. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच समजा. ए-४ पान २१० मिलिमीटर रुंद, आमचा पडदा ९०. पान ४३ टक्क्यांवर येतं. मूळ अक्षर १२ पॉइंट, म्हणजे सव्वाचार मिलिमीटरचं असेल तर त्याचे उरतात १.८ मिलिमीटर, ठिपक्यांच्या बारा ओळी. या बारा ओळींत वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत सगळं बसवायचं, आणि ‘ट्टी’ला एकटीला अकरा हव्यात. ‘उद्ध्वस्त’ हा शब्द मी अशा पानावर पाहिला. तो खरोखरच झाला होता.

टॅबलेट आडवा धरला तर रुंदी १५४ मिलिमीटर मिळते आणि पान ७३ टक्क्यांवर येतं. वाचता येतं, पण एका पानाचे अडीच तुकडे होतात. तक्ते आणि आकृत्यांचे अहवाल असतील तर हा उद्योग करू नये. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांची गोष्ट वेगळी. पान साधारण १४ सेंटीमीटर रुंद, समास सोडले तर मजकूर साडेदहा. वाचनाच्या बऱ्याच ॲपमध्ये समास कापायची सोय असते. ती वापरली की मूळ आकाराच्या ८५ टक्क्यांपर्यंत अक्षर दिसतं, आणि एवढं पुरतं.

चाळिशी लागलेल्यांनी ३५ सेंटीमीटरचा आकडा माझ्याकडून घेऊ नये, स्वतःच्या हाताने मोजावा. डोळ्यातलं भिंग ताठरलं की हात लांब जातो. आमच्या टॅबलेटचा ठिपका सुमारे ५२ सेंटीमीटरवर बरोबर एका कलेचा होतो, म्हणजे हात लांबवणाऱ्याला हा पडदा तरुणांपेक्षा सुबक दिसतो! अक्षर तेवढं मोठं करून घ्यायचं. काळ्या पानावर पांढरी अक्षरं करण्याची जी टूम आहे ती मात्र उजेडात वाचताना बहुधा उलटी पडते. पांढऱ्या पानामुळे डोळ्यातली बाहुली लहान होते, आणि बारीक छिद्रातून पाहिल्यावर जसं स्पष्ट दिसतं तसं अक्षर रेखीव होतं. काळ्या पानावर बाहुली पसरते. अंधारात शेजारचा माणूस झोपला असेल तर काळं पान जरूर वापरा, पण ती शेजारधर्माची बाब झाली.

बॅटरीबद्दल थोडक्यात. पाठ फुगलेली दिसली, पडदा कडेने उचलला गेला असेल, तर वरचं सगळं गणित रद्द. आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू साठलेला असतो. दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही, ई-कचऱ्यात द्यायचं. फुगलेली नसेल तर तिला पूर्ण उतरवून मग चार्ज करण्याची जुनी सवय सोडा, ती निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली आहे. लिथियम-आयन बॅटरीला खणात रिकामी पडून राहणं बाधतं, आणि गरम जागी पूर्ण भरलेली राहणंही. अर्धी भरून थंड जागी ठेवा. साठवणीच्या चिपची काळजी नको. ती झिजते लिहिण्याने, वाचण्याने जवळजवळ नाही.

मी शेवटी काय केलं? इंटरनेट बंद केलं, कारण जुन्या प्रणालीवर आता सुरक्षेचे सुधार येत नाहीत. बाकीची ॲप काढली. तारेने दीडेकशे ईपब आणि समास कापलेली काही जुनी पुस्तकं भरली. ए-४ चे अहवाल मोठ्या पडद्यावरच राहिले, आणि कविता कागदावर. निळ्या प्रकाशाच्या पक्षाला परवा त्यावर रात्री साडेअकरापर्यंत वाचताना पाहिलं. पापण्या मिटायची आठवण करून दिली, तर ‘दोनच पानं राहिलीत’ म्हणाला. त्या पडद्यावर दोन पानं म्हणजे सात टिचक्या.