वन्यजीव व्यवस्थापन आराखडा (नागपूर परिसर)

एखादे राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य पुढील साधारण दहा वर्षे कसे राखायचे, हे ठरवणारा वनविभागाचा लेखी दस्तऐवज. वनविभागाच्या जुन्या 'कार्य आयोजने'शी त्याची नेहमी गल्लत होते. कार्य आयोजनेत कोणत्या कूपात (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात) कधी आणि किती तोड करायची, हा हिशेब महत्त्वाचा असतो. व्यवस्थापन आराखड्यात लाकूड जवळजवळ नसतेच. अधिवास, पाणी, वणवा, शिकार, पर्यटन आणि काठावरची गावे हे त्याचे विषय.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 33 नुसार अभयारण्याचे व्यवस्थापन मुख्य वन्यजीव रक्षकाकडे असते. महाराष्ट्रात या पदाचे कार्यालय नागपुरात आहे. मंजूर आराखड्यानुसारच काम करण्याचे बंधन मात्र 2022 च्या दुरुस्तीने कायद्यात आले. अनुसूचित क्षेत्रात किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या भागात ग्रामसभेशी विचारविनिमयही आवश्यक झाला. व्याघ्र प्रकल्पांसाठी 2006 पासून वेगळा व्याघ्र संवर्धन आराखडा लागतो. तो राज्य तयार करते आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण मंजूर करते.

आराखडा गाभा (कडक संरक्षणाचा आतला भाग) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) अशी क्षेत्रे ठरवतो. प्रत्यक्षात तो दिसतो तो वार्षिक कामांत: वणवा अडवायला उन्हाळ्याआधी काढलेल्या जाळरेषा, घाणेरी आणि रानतुळस उपटून तयार केलेली कुरणे, संरक्षण कुट्या, बीटगार्डची पायी गस्त, कॅमेरा ट्रॅप. पाणवठ्यांबाबत उत्साह जरा जास्तच दिसतो. जागोजागी टाकी बांधली की जनावरे तिथेच साचतात, भोवतालचे गवत संपते आणि शिकाऱ्याला कुठे दबा धरायचा हे शोधावे लागत नाही. कुठे पाणी द्यायचे नाही, हेही आराखड्यानेच सांगायचे असते.

नागपूरजवळच्या पेंचमध्ये (राष्ट्रीय उद्यान 1975, सुमारे 257 चौ. किमी) आराखड्याची मर्यादा ठळकपणे कळते. उद्यानाच्या पोटातच तोतलाडोहचा जलाशय आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर हिरवे गवत येते आणि चितळांचे कळप त्यावर उतरतात. पण पाणी किती आणि कधी सोडायचे, हे वीजनिर्मिती, सिंचन आणि नागपूर शहराच्या नळांवर ठरते. म्हणजे भर उन्हातले सर्वांत चांगले कुरण वनविभागाच्या हाती नाही. जलाशयातली चोरटी मासेमारी हा तिथला दुसरा जुना प्रश्न; ती गस्तीबोटींनी जेवढी थांबते, त्याहून जास्त पर्यायी रोजगारावर अवलंबून आहे.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य सुमारे 189 चौ. किमीचे. 2013 मध्ये 'जय' नावाचा वाघ नागझिऱ्याहून वैनगंगा, शेते आणि रस्ते ओलांडून इथे आला. त्याला रेडिओ कॉलर होती. एप्रिल 2016 नंतर तो सापडला नाही. अभयारण्याच्या आराखड्यात त्याच्यासाठी पाणी, सावज, गस्त सगळे होते, पण तो फिरत होता ते बरेचसे क्षेत्र नकाशाबाहेरचे, प्रादेशिक वनविभागाचे आणि शेतकऱ्यांचे होते. वर्धा जिल्ह्यातल्या बोर अभयारण्याचे दुखणेही असेच: 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा त्याचे क्षेत्र अवघे 138 चौ. किमी होते, देशात सर्वांत लहान. म्हणूनच अलीकडच्या आराखड्यांत संचारमार्गांना जागा मिळू लागली आहे. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंच परिसरात वन्यप्राण्यांसाठी बांधलेले भुयारी मार्ग हे संचारमार्ग राखण्याचे ठळक उदाहरण.

जानेवारी 2024 मध्ये पेंचला भारतातील पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला. रात्रीचा अंधार राखणे हेही त्यामुळे व्यवस्थापनाचे काम झाले आणि त्यासाठी वाघोडा, सिल्लारीसारख्या काठावरच्या गावांतले पथदिवे बदलावे लागले.