रबिंग ते लाँग-थ्रो : गाडीच्या रंगावरची जाळी आणि पॉलिशचा वेग

काळी किंवा गडद निळी गाडी धुऊन उन्हात उभी केली, की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणल्यासारख्या रेघा दिसतात. याच त्या स्वर्ल मार्क. नावात गरगर असली तरी बहुतेक रेघा गोल नसतात. हजारो बारीक ओरखडे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. त्यांपैकी जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात आणि प्रतिबिंबाभोवती वर्तुळाचा भास होतो. आपण दोन पावलं सरकलो की जाळंही आपल्याबरोबर सरकतं. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसली जाते, तेव्हा ते फडकं धुळीचे कण रंगावरून ओढत नेतं. आपल्याकडे या रेघा बहुधा तिथूनच सुरू होतात.

त्या लवकर कशा जातील, याचं गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं : ‘रबिंग मारून देतो.’ म्हणजे जाड कंपाउंड (बारीक कण असलेली घासायची पेस्ट), लोकरीचा पॅड, मशीन पूर्ण वेगात आणि वरून हाताचा जोर. हे उत्तर एके काळी अगदी बरोबर होतं. पण ज्या रंगासाठी ते होतं, तो रंग आजच्या गाड्यांवर नसतो. म्हणून थोडं मागे जायला हवं.

पहिल्या मोटारी रंगवल्या गेल्या त्या घोडागाड्या रंगवणाऱ्यांच्या पद्धतीने. तेलाचा वार्निश ब्रशने लावायचा, तो वाळू द्यायचा, प्यूमिस या सच्छिद्र दगडाच्या पुडीने घासायचा आणि पुन्हा दुसरा हात द्यायचा. एका गाडीचा रंग पुरा व्हायला आठवडे लागत. मेग्वायर्स या आज गाडीच्या पॉलिशसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकी कंपनीची सुरुवात १९०१ मध्ये फर्निचरच्या पॉलिशने झाली, आणि त्यात नवल काही नाही. तेव्हाची मोटार म्हणजे बऱ्याच अंशी वार्निश केलेलं लाकूडच होतं.

१९२० मध्ये न्यू जर्सीतल्या पार्लिन इथल्या ड्युपाँट या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत चित्रफितीसाठी नायट्रोसेल्युलोजवर काम चालू असताना त्याचं एक पातळ, तरीही भरपूर घन द्रव्य असलेलं रूप हाती लागलं. नायट्रोसेल्युलोज हाच बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचाही मूळ पदार्थ. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं असल्याने ते बनवण्याची यंत्रणा कंपनीकडे तयार होती. जनरल मोटर्सबरोबर आणखी काम करून त्यातून ‘ड्युको’ लॅकर तयार झालं आणि जनरल मोटर्सच्याच १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्या या रंगात बाजारात आल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्या सुतारांच्या तोंडी ‘ड्युको’ हा शब्द अजून आहे. कपाटावर स्प्रेने मारलेल्या गुळगुळीत रंगाला ‘ड्युको फिनिश’ म्हणताना आपण गाडीच्या रंगाचं शंभर वर्षांपूर्वीचं नाव घेत असतो.

पॉलिशच्या दृष्टीने या लॅकरचा एक गुण फार महत्त्वाचा. ते नुसतं द्रावक उडून वाळत असे आणि वाळल्यावर पुरेसं चमकत नसे. चमक आणायची तर कारखान्यातच ते घासावं लागे. म्हणजे घासणं हा रंगकामाचाच भाग होता. रंगद्रव्य थराच्या वरपासून खालपर्यंत मुरलेलं असे. ऊन-पावसाने वरचा भाग खडूसारखा पांढुरका झाला, की तो घासून काढायचा आणि खालचा ताजा रंग उघडा करायचा. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या आणि ॲम्बॅसॅडरच्या काळात आपल्या गॅरेजांमध्ये जो ‘एनसी’ रंग चाले, तो हाच नायट्रोसेल्युलोज. रबिंग करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरायचा आणि कुणाला त्याची चिंता वाटायची नाही. थर पातळ झालाच तर आणखी एक हात मारता येई. तेव्हा घाई परवडत होती, कारण तिची किंमत रंगाच्या जाडीतून चुकती होत होती.

१९८० च्या दशकात गाड्या मोठ्या प्रमाणावर बेस कोट आणि क्लिअर कोट या जोडीकडे वळल्या. खाली रंगाचा पातळ थर, वर पारदर्शक आवरण. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे आवरण साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचं असतं, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. ऊन अडवणारी रसायनं त्यातच असतात. ते संपलं की खालचा रंग उघडा पडतो आणि पॉलिश करून तो परत येत नाही, पॅनल नव्याने रंगवावंच लागतं.

जुनी पद्धत इथे अडखळली. रोटरी मशीनचा पॅड एकाच अक्षाभोवती फिरतो. लोकरीचा प्रत्येक तंतू त्याच वर्तुळातून पुन्हा पुन्हा जातो आणि त्या वर्तुळाची खूण मागे ठेवतो. उन्हात गाडीवर तेलकट, हलत्या सावल्यांसारखे पट्टे दिसतात, त्यांना कारागीर होलोग्राम म्हणतात. जाळं घालवायला गाडी द्यावी आणि होलोग्राम घेऊन परत यावी, हे अनेकांनी अनुभवलं आहे. दाराच्या कडेवर किंवा बॉनेटच्या उभार रेषेवर तर मशीन दोन क्षण जास्त थांबलं तरी आवरण जळून जातं. लोकरीच्या जागी फोमचे पॅड आले तसा धोका कमी झाला. जाणत्या हातात रोटरी आजही उत्तम काम करते, पण तो हात तयार व्हायला वर्षं लागतात.

दुसरी वाट लाकडाला पॉलिश पेपर मारण्याच्या मशीनमधून निघाली. पोर्टर-केबलसारख्या कंपन्यांच्या रँडम ऑर्बिटल सँडरवर अमेरिकेतल्या हौशी लोकांनी फोमचा पॅड चढवला. यात पॅड केंद्रापासून थोडा सरकवून, मोकळ्या अक्षावर बसवलेला असतो. तो लहान वर्तुळात घुमतो आणि घुमता घुमता स्वतःभोवतीही फिरतो, त्यामुळे कुठलाच कण त्याच वाटेने पुन्हा जात नाही. उष्णता कमी, होलोग्राम जवळपास नाहीत. याला ड्युअल ॲक्शन किंवा नुसतं डीए म्हणतात. अडचण एकच : काम संथ. आणि घाईने जोर दिला की पॅडचं स्वतःभोवती फिरणं बंद पडतं, नुसती थरथर उरते. पॅड जिच्यावर बसतो त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ती फिरते आहे का हे बघत राहायचं, ही साधी युक्ती तेव्हापासूनची. आजही पहिल्याच दिवशी शिकावी अशी.

वेग वाढला तो तीन बाजूंनी, आणि त्यांतली एकही हाताचा जोर नव्हती.

पहिली बाजू कंपाउंडची. जुन्या कंपाउंडमधले कण घासताना फुटून बारीक होत जात. ते पुरते फुटेपर्यंत घासत राहायचं, आधी थांबलात तर धुरकट छटा राहते. २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मेग्वायर्सच्या एम १०५ सारखी कंपाउंड आली. त्यांतले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिबारीक कण सुरुवातीपासूनच एकसारखे असतात, त्यामुळे कण फुटण्याची वाट बघण्यात वेळ जात नाही. दुसरी बाजू पॅडची. मायक्रोफायबरच्या पॅडमुळे संथ डीएलाही धार आली. पण हे पॅड कंपाउंड आणि निघालेल्या रंगाच्या भुग्याने पटकन भरतात. प्रत्येक भागानंतर ब्रशने किंवा हवेच्या झोताने पॅड साफ केला नाही, तर सगळा फायदा जातो. माझ्या मते वेळ वाया जाण्याचं सर्वांत दुर्लक्षित कारण हेच आहे.

तिसरी बाजू फेऱ्याची, म्हणजे ‘थ्रो’ची : पॅड ज्या लहान वर्तुळात घुमतो त्याचा व्यास. २०१० नंतर इटलीच्या रुपेस कंपनीच्या बिगफूट मशीनने १५ आणि २१ मिलिमीटरचा थ्रो रूढ केला. जुन्या मशीनचा थ्रो सुमारे ८ मिलिमीटर होता. हिशेब सोपा आहे : ८ च्या फेऱ्यात कण साधारण २५ मिलिमीटर घासत जातो, २१ च्या फेऱ्यात ६६. मिनिटाला फेरे तेवढेच ठेवले तरी घासण्याची लांबी अडीच पटींहून जास्त होते. बॉनेट, छप्पर अशा सपाट भागांवर हा फरक लगेच जाणवतो. बंपरच्या खोलगट वळणात मात्र मोठ्या फेऱ्याचा पॅड अडतो, तिथे लहान मशीनच बरं.

मधल्या काळात रंगही बदलत राहिला. मर्सिडीजने २००३ च्या अखेरीस सिरॅमिकचे नॅनोकण असलेला कठीण क्लिअर कोट आणला. निसानने २००५ मध्ये बारीक ओरखडे आपोआप भरून काढणारा लवचिक क्लिअर कोट जाहीर केला. कुठे आवरण कठीण, कुठे मऊ. एका गाडीवर दोन हातांत जाळं घालवणारी पॅड-कंपाउंडची जोडी दुसरीवर पाच हात मारूनही पुरत नाही, तिसरीवर स्वतःच नवे ओरखडे पाडते.

म्हणून आज काम जाणणारा माणूस आधी आवरणाची जाडी मोजतो, मग बॉनेटवर टेपने हात-दीड हाताचा चौकोन आखतो आणि त्यात सर्वांत सौम्य जोडीपासून सुरुवात करतो. तेवढ्याने रेघा गेल्या नाहीत तरच पुढची पायरी. प्रत्येक वेळी तो चौकोन पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टॉर्चच्या उजेडात बघतो, कारण कंपाउंडमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं आणि जाळं गेल्यासारखं वाटतं. ते तेल पुसलं नाही तर गाडी ताब्यात घेताना लखलखते आणि दोन-तीन धुण्यांनंतर त्याच रेघा त्याच जागी परत दिसू लागतात.