मिशिगनचा बचाव आणि बाल्टिमोरची वाट

हातात लांबट चेंडू घेऊन धावतात ते अमेरिकन फुटबॉल. आपलं पायाचं नव्हे. तिथल्या कॉलेज संघात बचावाचा सगळा कारभार एका सहायक प्रशिक्षकाकडे असतो, त्याला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. त्या जागेवर नवा माणूस आला की चाहते आधी त्याच्या जुन्या संघाचे आकडे काढून बसतात. मिशिगन विद्यापीठात हा हिशेब वारंवार चुकला.

२०१६ मध्ये डॉन ब्राऊन बोस्टन कॉलेजातून आले. टोपणनाव ‘डॉक्टर ब्लिट्झ’. प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे आपला एकेक माणूस लावायचा आणि उरलेल्यांनी थेट क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्या खेळाडूवर, तुटून पडायचं (यालाच ब्लिट्झ म्हणतात), ही त्यांची रीत. पहिली काही वर्षं ती भलतीच चालली. पण कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट विद्यापीठाचे वेगवान रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) आडवे धावत एकमेकांना छेदून जायचे, पाठलाग करणारे बचावपटू त्या गर्दीत अडकायचे आणि मैदान मोकळं व्हायचं. २०१८ मध्ये मिशिगन ६२-३९ असं हरलं, २०१९ मध्ये ५६-२७. मिशिगनमध्ये वर्षभर काय केलं यापेक्षा ओहायो स्टेटपुढे काय केलं हे आधी विचारतात. २०२० मध्ये संघाने सहापैकी चार सामने गमावले आणि ब्राऊन गेले.

मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ यांनी मग जो माणूस आणला, त्याने हे पद कधीच सांभाळलं नव्हतं. माइक मॅकडोनाल्ड, वय ३३, बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघाच्या लाइनबॅकरांचे (बचावाच्या मधल्या फळीचे) प्रशिक्षक. तिथले तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक जिमचे थोरले भाऊ जॉन हारबॉ, त्यामुळे ‘घरचाच माणूस’ अशी कुजबुज होणारच. मॅकडोनाल्डच्या पद्धतीत चेंडू सुटेपर्यंत कोण चढाई करणार आणि कोण मागे हटणार हे क्वार्टरबॅकला कळत नाही. चढाई बहुतेक वेळा चौघांचीच, पण ते चौघे दरवेळी वेगळे. २०२१ मध्ये मिशिगनने ओहायो स्टेटला ४२-२७ असं हरवलं. त्या दिवशी मिशिगनच्या एडन हचिन्सनने क्वार्टरबॅकला तीनदा आडवं केलं. असा खेळाडू हाताशी असताना श्रेय कुणाला किती द्यायचं, हा प्रश्न रास्तच आहे.

वर्षभरात मॅकडोनाल्ड बाल्टिमोरला परतले. त्यांच्या जागी आलेले जेसी मिंटर व्हॅंडरबिल्ट विद्यापीठाचे कोऑर्डिनेटर होते, आणि तो संघ २०२१ मध्ये १२ पैकी १० सामने हरला होता. कागदावर ही नेमणूक हास्यास्पद दिसली असती. पण त्याआधी चार वर्षं मिंटर रेव्हन्समध्येच होते. डावांची नावं, खुणा, परिभाषा सगळी तीच. खेळाडूंना पुन्हा बाराखडी गिरवावी लागली नाही. माझ्या मते त्या निवडीतली खरी अक्कल इथेच होती. २०२३ मध्ये मिशिगनने १५ पैकी १५ सामने जिंकले आणि अंतिम लढतीत वॉशिंग्टनला १३ गुणांवर रोखलं.

त्यानंतर हारबॉ आणि मिंटर दोघेही लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले. २०२४ साठी आले ‘विंक’ मार्टिनडेल. बाल्टिमोरमध्ये मॅकडोनाल्ड यांनी ज्यांची जागा घेतली होती, तेच हे. वंश एक असला तरी स्वभाव वेगळा. विंक यांचा ओढा ब्लिट्झकडे. टेक्सासने ३१ गुण ठोकले तेव्हा चाहत्यांचा धीर सुटला. नोव्हेंबरअखेर मात्र त्याच बचावाने ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर १० गुणांवर रोखून १३-१० असा सामना काढला. तो हरलेला ओहायो स्टेट त्या मोसमाचा राष्ट्रीय विजेता ठरला.